उतरायची जागा

सिदूआण्णांच्या तळावर माझा ड्रोन एका चार महिन्यांच्या लेकराच्या अंगावर उतरत होता, ही गोष्ट आमच्या घरात कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही. मला ठाऊक होतं, अब्बांना ठाऊक होतं आणि त्या लेकराच्या आईला. अब्बा जाऊन आता बरीच वर्षं झाली. लिहायला बसलेच आहे तर आधी तेच लिहून टाकते, म्हणजे मधेच गाडी दुसरीकडे वळवायची सोय राहणार नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे. अवघड जागा आली की मी स्वयंपाकाचं बोलायला लागते.

तरी घराचं थोडं सांगायलाच हवं, नाहीतर त्या दुपारी रिमोट माझ्या हातात कसा आला ते कळायचं नाही. कवठेमहांकाळच्या पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत अब्बांचा कॅमेरा, निळा पडदा आणि पासपोर्ट फोटोसाठी खुंटीला टांगलेला एकच काळा कोट, जो तालुक्यातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगाला लागला असेल. मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी अम्मीची भाकरी थापायची थाप आणि पुढं प्रिंटरची घरघर एकाच वेळी सुरू व्हायची, त्यात अब्बांचं खोकणं आणि गिऱ्हाइकाला मान सरळ धरायला सांगणं. शुक्रवारी रस्सा, बाकीच्या दिवशी डाळकांदा नाहीतर हुलग्याचं माडगं, आणि माझ्यासाठी रोज खलबत्त्यात कुटलेला खर्डा. एवढं तिखट खाणारी पोरगी सासरी कशी नांदणार, हा अम्मीचा रोजचा विषय होता. अब्बा ताटात बघत हसायचे आणि खर्डा माझ्याकडे सरकवायचे.

ड्रोन सलीमभाईनं आणला, माझ्या थोरल्या भावानं. ड्रोन नसेल तर लग्नाची ऑर्डर कुणी देईना, म्हणून अब्बांनी नाइलाजानं होकार दिला. डोळा लावल्याशिवाय निघालेला फोटो त्यांच्या लेखी फोटोच नव्हता. अम्मी त्याला पाखरू म्हणायची आणि ईदच्या कपड्यांच्या कपाटात, दोन दुपट्ट्यांच्या मधे ठेवायची. ते पाखरू किती चावरं आहे हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. सलीमभाई ते हातात झेलायला गेला आणि पात्यानं त्याच्या अंगठ्याला असं कापलं की चार टाके पडले. बोटभर लांबीचं प्लॅस्टिकचं पातं, पण फिरताना डोळ्यांना दिसत नाही. तो रक्ताचा फडका अम्मीनं धुतला नाही, फेकून दिला.

पुढं सलीमभाईला कराडला इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ड्रोन माझ्याकडे आला. मी एकोणीस वर्षांची, बी.ए.ला नाव घातलेली. रविवारी तो यायचा आणि गावाबाहेरच्या माळावर माझ्याकडून नियम पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचा. होम पॉइंट, म्हणजे परतायची जागा, घेतला, असं रिमोट बोलल्याशिवाय उडवायचं नाही. बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला की ड्रोन आपणहून परत फिरतो, आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि जिथून उडाला तिथंच येऊन उतरतो. म्हणून ती उंची वाटेतल्या झाडांच्या, तारांच्या वर ठेवायची. फोनवर कॉल येणं बंद करायचं, कारण ड्रोनला दिसतं ते फोनच्याच पडद्यावर येतं, फोन हाच आपला डोळा. आणि उतरायच्या जागेवर आपलं माणूस उभं करायचं. शेवटचा नियम मी घाईघाईनं म्हणायचे. एकदा त्यानं मला थांबवलं आणि म्हणाला, "त्येला घर म्हंजे निस्ता आकडा हाय, नसीम. तितं कोण बसलंय ह्ये आपण बघायचं."

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हे ऐकून जांभया देतात. त्यांच्या यंत्रांना पोटाखालचं पुष्कळ दिसतं. मी जांभई दिली नव्हती, मला सगळं तोंडपाठ होतं. पण ते पोटात उतरलेलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. पूर्वेकडचे मेंढके कळप घेऊन नदीकाठाकडे निघायचे ते दिवस. सिदूआण्णा त्यांतलेच, अब्बांचे जुने दोस्त. त्यांच्या चारही मुलांच्या लग्नांचे फोटो अब्बांनी काढलेले. दरवर्षी निघताना ते दुकानात चहाला थांबायचे, घोंगड्याची घडी बाकावर ठेवून. त्या वर्षी ते भर दुपारी आले आणि बसलेच नाहीत. आदल्या दिवशी पठाराच्या अंगाला लांडगा कळपात शिरला होता, मेंढरं उधळली होती आणि तीस-पस्तीस अजून सापडायची होती. पोरं डोंगर पालथा घालत होती. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. ड्रोन कधी एका शब्दानं न वाखाणणारे अब्बा म्हणाले, घे तुझं पाखरू. मला इतका आनंद झाला की मी बॅटरी एकच भरलेली आहे हे बघितलं आणि तरी निघाले.

तळ गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर, एका पडीक रानात होता. वर पठारावर पवनचक्क्यांची रांग, खाली ओघळ आणि बाभळी. कोकरांसाठी जाळ्याचं कुंपण केलेलं, ते वाघूर. एक घोडं, जरा लांब तीन दगडांची चूल आणि तिच्याशी बसलेल्या बायका, दोन कुत्री. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. सगळीकडे फुफाटा. असल्या मातीतून उडवलं तर मोटरमधे धूळ जाते, म्हणून मी काही अंथरायला मिळेल का असं विचारलं. सिदूआण्णांची धाकटी सून कांता, माझ्याहून फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठी, कडेवर लेकरू घेऊन उभी होती. तिनं बाभळीपासून वीसेक पावलांवरची जागा खराट्यानं लोटली आणि घोड्यावरच्या ओझ्यातून एक वाकळ काढून दिली, लाल-पिवळ्या तुकड्यांची. "घ्या. लेकराची हाय, पर धुतल्याली हाय," ती म्हणाली. मी ती पसरली आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले.

लेकराची हाय, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

मग माझं भाषण झालं. सिदूआण्णा आणि दोन म्हातारे मेंढके भोवती उभे होते, आणि मी त्यांना सांगत होते की हे किती लांब जातं, किती उंच, वरून शेळी आणि मेंढी कशी वेगळी ओळखू येते. शिक्षण घेतलेली पोरगी म्हणून ते कौतुकानं ऐकत होते आणि मी फुगत होते. परतीचं अवाक्षर मी बोलले नाही. रिमोट बोलला, होम पॉइंट घेतला. ड्रोन वाकळीवरून उठला, कुत्री भुंकत सुटली, लेकरू दचकून रडलं आणि कांता त्याला थोपटत लांब गेली.

सिदूआण्णा आणि ते दोघं डोंगराच्या वाटेला लागले, म्हणजे मी जागा सांगितली की लगेच तिथं जाता येईल. पाच मिनिटांत ड्रोन एका टेकाडाच्या आड गेला आणि पडद्यावरचं चित्र तुटायला लागलं. अब्बा तळावरच थांबणार होते, तसं ठरलं होतं. पण मी म्हणाले, गाडी काढा, मी मागं बसते, पुढच्या चढावर गेलो की सिग्नल मिळेल. अब्बांनी एकदा मागं वळून तळाकडे बघितलं आणि विचारलं की इथं कुणी नको का. मी म्हणाले, दहा मिनिटांचं तर काम. त्यांनी गाडी काढली. आजही मला कुणी दहा मिनिटांचं काम म्हणालं की मी त्या माणसाकडे जरा रोखून बघते.

चढावरून तळ दिसत होता, पण माणसं ओळखू येत नव्हती. चित्र परत आलं. मेंढरं एका खोल ओघळीत होती, झुडपांत डोकी घालून एकमेकांना चिकटून उभी. मी मोजायचा प्रयत्न केला, एकोणतीसपर्यंत आले. अब्बांनी त्यांच्या साध्या फोनवरून सिदूआण्णांच्या थोरल्या मुलाला जागा सांगितली. मग मी पुन्हा एक घिरटी घातली, मग आणखी एक, मेंढके पोचेपर्यंत, खरं तर मजा वाटत होती म्हणून. वारा पठारावरून सुटला होता आणि ड्रोन त्याच्याशी झगडत बॅटरी खात होता. शेवटी रिमोट टीं टीं करायला लागला. पडद्यावर आलं की बॅटरी परतीपुरतीच आहे, दहा सेकंदांत घरी परततो. मी येऊ दिलं. सलीमभाई म्हणायचा, बॅटरीशी वाद घालायचा नाही. तो उंच चढला आणि आमच्या डोक्यावरून तळाकडे गेला. अब्बांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि मला त्यांचा चेहरा अजून आठवतो, अभिमान लपवत नसलेला.

तेवढ्यात फोन वाजला. अम्मी. कॉल बंद करायला मी विसरले होते. पडदाभर तिचं नाव, खाली काही दिसेना. कॉल तोडायला दोनदा बोट घसरलं. चित्र परत आलं तेव्हा ड्रोन तळाच्या बरोबर वर थांबला होता आणि खाली यायला सुरुवात झाली होती. उतरताना बघावं म्हणून मी कॅमेरा सरळ खाली वळवला. लाल-पिवळी वाकळ पडद्याच्या अगदी मधोमध होती. मला त्याच्या अचूकपणाचं कौतुक वाटलं, एवढ्या लांबून येऊन बरोबर तिथंच. आणि वाकळीवर काहीतरी होतं.

आधी मला कोकरू वाटलं. मग कुत्र्याचं पिल्लू. मग त्या ठिपक्यातून एक हात बाहेर आला आणि पुन्हा आत गेला.

माझ्या खांद्यावरून अब्बा बघत होते. त्यांचा श्वास मला कानाशी ऐकू आला. उंचीचा आकडा सत्तर मीटर होता. तिथं हाका पोचणार नव्हत्या. सिदूआण्णा डोंगरात, तळावरच्या बायकांपैकी कुणाकडे फोन नाही, आणि कांता दिसतही नव्हती. नंतर कळलं की पोर झोपलं म्हणून त्याला त्याच्याच वाकळीवर ठेवून ती घागर घेऊन विहिरीवर गेली होती. रिमोटवर एक बटण होतं, ते दाबलं की परतणं रद्द होतं. मला ते डोळे मिटूनही सापडलं असतं.

मी ते दाबलं नाही. लगेच दाबलं नाही. साठ झाले, पन्नास झाले, आणि मी बघत राहिले. त्या वेळात माझ्या मनात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही मला नीट आठवतात. एक म्हणजे सलीमभाईनं सांगितलं होतं की याच्या पोटाला डोळे आहेत, खालची जागा ठीक नसेल तर ते हवेत थांबतं. थांबेल, असं मी म्हणत होते. आणि दुसरी म्हणजे आता रद्द केलं तर बॅटरी पुरणार नाही, सलीमभाईचा ड्रोन कुठंतरी आपटेल, आणि त्याला मी काय सांगू. लेकराच्या वर चार पाती फिरत खाली येत होती आणि मी भावाला काय सांगायचं त्याचा विचार करत होते. आकडा तीसवर आला तेव्हा वाकळीवरचं तोंड स्पष्ट दिसलं, झोपलेलं, उघडं.

"नसीम," अब्बा म्हणाले. एवढंच.

मी बटण दाबलं. ड्रोन थबकला. एक क्षण वाटलं, सुटलो. मग रिमोट एकसारखा किंचाळायला लागला, कारण बॅटरी अगदी तळाला गेली होती, आणि अशा वेळी तो असेल तिथंच उतरतो, कुणाचं ऐकत नाही. आकडा पुन्हा खाली यायला लागला. बटण दाबून काही होईना. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. माळावरच्या एका रविवारचं सलीमभाईचं बोलणं कुठूनतरी वर आलं, की शेवटच्या उतरण्याला थांबवता येत नाही, पण रिमोटवरची डावी दांडी पूर्ण वर लावली तर ते हळू होतं, आणि उजव्या दांडीनं बाजूला नेता येतं. मी डावी वर लावली. पडद्याच्या वरच्या अंगाला चूल आणि बायका, डावीकडे वाघूर, कोकरांनी भरलेलं. उजवीकडे बाभळ. मी उजवी दांडी बाभळीकडे ढकलली आणि धरून ठेवली. वाकळ पडद्यावरून हळूहळू सरकली, एवढी हळू की ती मला अजूनही सरकताना दिसते. दगड, फुफाटा, बाभळीची सावली, काटे. मग आकाश गरगर फिरलं आणि पडदा काळा झाला.

चढ उतरताना अब्बांनी गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. आम्ही पोचलो तेव्हा कांता नुकतीच विहिरीवरून आली होती. आवाजानं लेकरू जागं होऊन रडत होतं आणि ती त्याला पाजायला घेत होती. ड्रोन बाभळीच्या मधल्या फांदीत उलटा अडकलेला, एका पात्याचा हात मोडलेला. ती माझ्याकडे बघून हळहळली. किती महागाचं असंल, म्हणाली. आमच्या मेंढरांपायी तुमचं नुकसान झालं, म्हणाली. तोवर डोंगरातून हाळ्या आल्या, मेंढरं सापडली होती, चौतीसच्या चौतीस. सगळा तळ हसायला लागला. सिदूआण्णांनी आल्या आल्या माझ्या डोक्यावर हात ठेवला. चुलीवर बाजरीच्या भाकरी पडल्या, ताजं दूध तापलं, वाटीत लसणाची चटणी आली. मी तिखट खाणारी, पण तो घास मला गिळवेना. सगळे समजले की मला ड्रोनचं दुःख झालं आहे, आणि मी त्यांना तसं समजू दिलं.

ऊन उतरायच्या आत आम्ही निघालो. मोडका ड्रोन पिशवीत, माझ्या मांडीवर. पहिल्या वळणाशी अब्बांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्यांनी मला रागावावं असं मला फार वाटत होतं. ते समोर बघत म्हणाले, "तिला सांगितलं न्हाईस." मी म्हणाले, काही झालं तर नाही ना, आता सांगून तिचा जीव कशाला घाबरवायचा. अब्बांनी हळूच विचारलं, "उद्या दुसरं कुणी आलं उडवायला, तर ती लेकरू कुटं ठिवंल?"

आम्ही परत फिरलो. कांता भांडी घासत होती, लेकरू पाठीला बांधलेलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. जिथून उडतं तिथंच ते आपलं आपण परत येतं, हे सांगितलं. ती वाकळ माझ्या पडद्यावर कशी दिसली ते सांगितलं, बाभळीत मी मुद्दाम घातलं हेही सांगितलं. तिचा राख लागलेला हात भांड्यावर थांबला. ती उठली, पाठीवरचं लेकरू सोडून पुढं घेतलं, त्याच्या टाळूवरून हात फिरवला आणि पुन्हा बसली.

"त्ये परत येतंय, ह्ये मला कुणी सांगितलं हुतं?" ती म्हणाली. "आण्णाला सांगितलंस, म्हाताऱ्यास्नी सांगितलंस. वाकळ माझी, आन मला काय बी न्हाई."

मी म्हणाले, चुकलं माझं. खरोखरच चुकलं होतं. तिनं मान हलवली. मला वाटलं संपलं, आणि मी उठायला लागले. तेव्हा तिनं मला विचारलं, "दिसल्याबरुबर वळिवलंस न्हवं?"

अब्बा गाडीपाशी उभे होते, ऐकू येईल एवढ्या अंतरावर. हो म्हटलं असतं तर त्यांनी मला खोटं पाडलं नसतं, ते तसे नव्हते. मी खाली बघून म्हणाले, "न्हाई. जरा थांबले. वाटलं, त्ये आपलं आपण थांबंल. आन भावाचा ड्रोन हाय, मोडंल, असं बी वाटलं."

ती रागावली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, मघाशी भाकरी वाढताना बघत होती तसंच, फक्त आता तिला मी कोण ते कळलं होतं.

"लेकरू हुतं गं त्ये," ती म्हणाली, आणि भांडी तशीच ठेवून त्याला घेऊन बायकांकडे निघून गेली.